एका इंजिनीअरचा गुडघा

मोशे फेल्डेनक्राइस हे नाव पहिल्यांदा वाचताना जीभ अडखळते, हे मान्य. माझीही अडखळली होती. पण माणूस आपल्यातलाच आहे. मेकॅनिकल आणि इलेक्ट्रिकल इंजिनीअरिंगची पदवी, पाणबुड्या शोधण्याच्या यंत्रणेवर काही वर्षं संशोधन, ज्युदोचा ब्लॅक बेल्ट. आणि एवढं सगळं करून जग आज त्यांना ओळखतं ते कशासाठी, तर लोकांना जमिनीवर चटई टाकून झोपवून सावकाश मान कशी वळवायची हे शिकवणारे मास्तर म्हणून! गेल्या सेमिस्टरला सबमिशनच्या आठवड्यात आमच्या विंगमधल्या निम्म्या पोरांच्या माना आखडल्या होत्या. तेव्हा लायब्ररीत काहीतरी शोधता शोधता हे गृहस्थ मला सापडले. तेव्हापासून ठरवलं होतं, मॅगझिनसाठी लिहायचं तर यांच्यावरच.

जन्म ६ मे १९०४, स्लावुता या गावी. तेव्हा ते रशियन साम्राज्यात होतं, आज युक्रेनमध्ये आहे. कुटुंब ज्यू. पुढे ते आजच्या बेलारूसमधल्या बारानोविची गावात राहायला गेले. पहिलं महायुद्ध तिथल्या लोकांच्या दारातूनच गेलं. १९१८ साली, म्हणजे वयाच्या चौदाव्या वर्षी, मोशे घर सोडून पॅलेस्टाइनला निघाला. आईवडील सोबत नाहीत, बराचसा रस्ता पायी. वाटेत आणखी माणसं आणि मुलं सामील होत गेली, इटलीपर्यंत मोठा जथा झाला आणि तिथून समुद्रमार्गे ते पोचले. चौदाव्या वर्षी आपण काय करत होतो हे ज्याचं त्याने आठवून पाहावं. मी क्लासला जायला घरून गाडी मागत होतो.

तिथे गेल्यावर बांधकामावर मजुरी. शाळा राहून गेलेली, ती विशीत पूर्ण केली, आणि खर्च भागवायला शिकवण्या घेतल्या. गंमत म्हणजे त्यांच्याकडे येणारी मुलं ही इतरांनी 'याला काही येणार नाही' म्हणून सोडून दिलेली असायची. शिकवणं म्हणजे डोक्यात माहिती ओतणं नव्हे, समोरचा कुठे अडलाय ते आधी शोधणं, हे त्यांना तिथेच उमगलं असावं. नंतर सर्व्हे खात्यात नकाशे बनवण्याची नोकरी लागली.

त्या काळात तिथे दंगली होत. मोशे आणि त्यांचे मित्र स्वसंरक्षणासाठी जुजुत्सू शिकत होते. इथे त्यांनी जे केलं ते मला फार आवडलं, कारण त्यात पक्की इंजिनीअरची दृष्टी आहे. त्यांच्या लक्षात आलं की माणूस महिनोन्महिने डाव शिकतो, पण खरोखर सुरा घेऊन कोणी अंगावर आलं की शिकलेलं सगळं विसरतो आणि उपजत जे होतं तेच करतो, म्हणजे हात झटकन वर नेऊन तोंड-गळा झाकतो. मग त्यांनी उलटा विचार केला. मित्रांवर अचानक हल्ल्याचं नाटक करायचं, ते आपोआप काय करतात ते टिपायचं, आणि त्या आपोआप झालेल्या हालचालीपासूनच पुढचा डाव सुरू करायचा. सिस्टीम जशी आहे तशी घ्या, तिच्याशी भांडू नका. यावर त्यांनी हिब्रूमध्ये एक पुस्तकही लिहिलं.

आणि १९२९ साली तो प्रसिद्ध गुडघा. फुटबॉल खेळताना दुखावला, जबर दुखावला. त्या वेळी आर्थ्रोस्कोपी नव्हती, एमआरआय नव्हता. महिनोन्महिने लंगडत काढायचे, सूज उतरली की पुन्हा चालू लागायचं. पुढची सगळी कथा या गुडघ्याभोवती फिरते, म्हणून तो लक्षात ठेवा.

१९३० मध्ये ते पॅरिसला गेले. इंजिनीअरिंगची पदवी १९३३ साली घेतली, मग सॉर्बोनमध्ये पदार्थविज्ञान आणि फ्रेडेरिक जोलिओ-क्यूरी यांच्या प्रयोगशाळेत काम. हे जोलिओ-क्यूरी म्हणजे मादाम क्यूरींचे जावई, १९३५ चं रसायनशास्त्राचं नोबेल पत्नीसोबत मिळवणारे. असल्या ठिकाणी काम करणाऱ्याने बाकी काही केलं नसतं तरी घरच्यांना अभिमान वाटला असता. पण १९३३ मध्येच पॅरिसमध्ये त्यांची गाठ ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांच्याशी पडली. कानो पेशाने शिक्षक. कमीत कमी जोर आणि जास्तीत जास्त परिणाम हे त्यांच्या ज्युदोचं सूत्र. फेल्डेनक्राइस यांचं पुस्तक त्यांनी पाहिलं, त्यांना ज्युदोकडे वळवलं, आणि १९३६ पर्यंत फेल्डेनक्राइस ब्लॅक बेल्टही झाले. त्या वेळी युरोपात असे लोक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. फ्रान्समध्ये ज्युदो रुजवणाऱ्यांत त्यांचं नाव आजही घेतलं जातं. दिवसा लॅब, संध्याकाळी ज्युदो. १९३८ मध्ये योना रुबेन्स्टाइन या बालरोगतज्ज्ञ डॉक्टरशी लग्न.

१९४० च्या जूनमध्ये जर्मन सैन्य पॅरिसपर्यंत आलं. ज्यू माणसाला तिथे थांबणं शक्यच नव्हतं. ते ब्रिटनला निसटले आणि नौदलाच्या संशोधन विभागात लागले. ठिकाण स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरचं फेअरली. काम पाणबुडी शोधण्याचं, म्हणजे पाण्यात ध्वनिलहरी सोडायच्या आणि आदळून परत येणारा प्रतिध्वनी ऐकायचा. ईअँडटीसीच्या मित्रांना सांगायला नको, तिथे खरी लढाई सिग्नल आणि नॉइजची असते. समुद्र, इंजिन, पंखे सगळे आवाज करणार आणि त्यातून तुम्हाला एक बारीकसा प्रतिध्वनी ओळखायचा.

याच काळात ओल्या, निसरड्या डेकवर चालून चालून गुडघा पुन्हा बिघडला. डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं. यशाची शक्यता किती, तर निम्मी. म्हणजे नाणं उडवायचं. छापा पडला तर गुडघा बरा होईल, काटा पडला तर पाय कायमचा जायबंदी. ज्युदो तर गेलाच, चालण्याचीही पंचाईत.

फेल्डेनक्राइस यांनी नकार दिला. हा नकार म्हणजे नुसता हट्ट नव्हता. त्यांच्या मनात एक साधा प्रश्न आला होता. गुडघा काही दिवस व्यवस्थित चालतो आणि काही दिवस अजिबात चालत नाही. हाडं तीच, अस्थिबंध तेच, इजा तीच. मग फरक कशात पडतो? मशीन एक दिवस नीट चालतं आणि दुसऱ्या दिवशी नाही, तेव्हा आपण लगेच पार्ट बदलत नाही, ते चालवलं कसं जातंय हे बघतो. त्यांनी तेच केलं. शरीररचना, मज्जासंस्था, मानसशास्त्र, मुलं चालायला कशी शिकतात, सगळं वाचून काढलं आणि तासन् तास जमिनीवर पडून स्वतःचा पाय अगदी बारीक बारीक हलवून पाहिला. कुठल्या कोनात दुखतं, त्याच्या आधी कंबर काय करते, श्वास कुठे अडतो, उजव्या खांद्याचा डाव्या गुडघ्याशी काय संबंध. डिबगिंगच की!

एक घटना त्यांनी पुढे लिहून ठेवली आहे. दुखऱ्या गुडघ्यामुळे ते चांगल्या पायावर लंगडी घालत चालले होते. तेलकट जागेवर पाय घसरला आणि तो चांगला गुडघाही पिरगळला. कसेबसे घरी येऊन झोपले. आता दोन्ही पाय गेले अशी खात्री. उठून पाहतात तर ज्या दुखऱ्या पायावर इतके दिवस भार टाकता येत नव्हता, त्याच पायावर ते उभे राहू शकत होते! एका झोपेत हाडं काही बदलली नव्हती. बदललं होतं ते मेंदूचं नियंत्रण. चांगला पाय निकामी झाल्यावर मेंदूने दुखऱ्या पायाच्या मांडीचे अडवून धरलेले स्नायू मोकळे केले, असा अर्थ त्यांनी लावला. वाचताना मला आधी खरं वाटलं नाही, पण त्यांनाही वाटलं नव्हतं. म्हणून तर पुढची चाळीस वर्षं ते याच एका गोष्टीमागे लागले.

आता त्यांच्या पद्धतीचा गाभा. यात एक नियम आहे जो मेझरमेंटच्या पेपरला बसलेल्या कोणालाही पटेल. जर्मन शास्त्रज्ञ वेबर यांनी एकोणिसाव्या शतकात दाखवलं की आपल्याला फरक जाणवतो तो मूळ वजनाच्या प्रमाणात. वजन उचलण्याच्या बाबतीत हा फरक साधारण चाळीसावा भाग धरा. हातात ४०० ग्रॅमचं जर्नल असेल तर १० ग्रॅमची भर जाणवेल. डोक्यावर २० किलोची ट्रंक असेल तर अर्धा किलो वाढल्याशिवाय काही कळणार नाही. फेल्डेनक्राइस यांनी हे स्नायूंना लावलं. तुम्ही जितका जोर लावाल तितकं तुमचं मोजमाप ढोबळ होणार. स्वतःच्या शरीरात काय चुकतंय ते कळायला हवं असेल तर आधी जोर कमी करा. नॉइज खाली आला की सिग्नल दिसतो. सोनारवाल्या माणसाला हे सुचलं यात नवल नाही.

आमच्या फिटिंग शॉपमध्ये पहिल्या वर्षी सर कानस चालवायला शिकवायचे तेव्हा एकच घोषा लावायचे, दाब पुढे जाताना द्या, मागे येताना सोडा. आम्ही पोरं जाताना-येताना दोन्हीकडे दात-ओठ खाऊन जोर लावायचो. हात भरून यायचे, आणि जॉब? जॉब वाकडाच. सरांचा जॉब मात्र गप्पा मारता मारता काटकोनात यायचा. फेल्डेनक्राइस यांच्यावर वाचताना मला सारखे ते सर आठवत होते.

१९४९ साली त्यांचं या विषयावरचं पहिलं मोठं पुस्तक आलं. मूळ भाषणं फेअरलीतल्या शास्त्रज्ञ सहकाऱ्यांपुढे दिलेली. (प्रामाणिकपणे सांगतो, पुस्तक जड आहे. दहा पानं वाचली की चहा लागतो.) त्यात भीती आणि ताण याविषयी जे आहे ते आपल्या कामाचं आहे. तान्हं मूल पडतंय असं वाटलं की सगळं अंग पुढच्या बाजूने आवळून घेतं, श्वास रोखतं. डोकं, पोट हे नाजूक भाग झाकायची ती उपजत सोय. त्यांचं म्हणणं असं की मोठेपणी कसलीही काळजी आली तरी शरीर तोच जुना प्रोग्रॅम चालवतं. खांदे वर, मान आत, पोट आवळलेलं, श्वास अर्धवट. आणि हा आकार सवयीचा झाला की काळजीचं कारण संपलं तरी तो सुटत नाही. मग अंग आवळलेलं आहे म्हणून मन घाबरलेलं आणि मन घाबरलेलं आहे म्हणून अंग आवळलेलं, असा फीडबॅक लूप. तो तोडायचा कुठून? मनाला 'शांत हो' सांगून काही होत नाही हे व्हायव्हाच्या रांगेत उभ्या राहिलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. त्यांनी शरीराच्या टोकाकडून सुरुवात केली, कारण खांदा खाली आला की नाही हे निदान तपासता तरी येतं.

त्यांचे धडे व्यायामासारखे दिसतच नाहीत. घाम नाही, ताणणं नाही, मोजून वीस वेळा नाही. आधी जमिनीवर उताणं पडायचं आणि अंगाचा कुठला भाग जमिनीला टेकतोय, कुठला अधांतरी आहे एवढंच पाहायचं. शवासन म्हणाल तर फरक आहे. इथे विसावा हा हेतू नाही, रीडिंग घेणं हा हेतू आहे. मग एखादी छोटी हालचाल, जिथे ओढ लागेल त्याच्या अलीकडेच थांबायचं, मध्ये मध्ये विश्रांती, आणि शेवटी पुन्हा रीडिंग.

त्यातला एक धडा मी आमच्या रूमवर सगळ्यांकडून करून घेतला. ज्यांना मानेचा खरोखर आजार आहे त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं, बाकीच्यांनी जरूर करून पाहा. खुर्चीच्या पुढच्या कडेला बसायचं. सावकाश उजवीकडे वळायचं, सहज जितकं वळता येईल तितकंच, आणि भिंतीवर नजर कुठे पोचली ते लक्षात ठेवायचं. परत या. आता थोडं उजवीकडे वळून तिथेच थांबा आणि फक्त डोळे डावीकडे-उजवीकडे न्या, डोकं स्थिर. आठ-दहा वेळा. थांबा. मग डोकं उजवीकडे नेताना डोळे डावीकडे न्या. गडबड होते, हसू येतं, होऊ द्या, पण सावकाश. मग खांदे उजवीकडे आणि डोकं डावीकडे. जरा विश्रांती घ्या आणि पहिल्यासारखं साधं उजवीकडे वळून बघा. आमच्यापैकी एकाची नजर कॅलेंडरपासून सुरू झाली होती ती खिडकी ओलांडून दारामागच्या बादलीपर्यंत गेली. जोर कोणी लावला नव्हता. आतापर्यंत डोळे, मान आणि खांदे एकाच दोरीला बांधल्यासारखे एकत्र वळत होते, ते सुटे झाले इतकंच. पुढची पायरी आणखी मजेदार आहे. डावी बाजू प्रत्यक्ष करायचीच नाही, नुसती मनात करायची, आणि मग तपासायचं. ते तुम्हीच करून बघा, मी उत्तर फोडत नाही. आमच्याकडे रेक्टर सर राउंडला आले तेव्हा चार जण माना वाकड्या करून बसले होते. 'काय रे, पेपर कुठला आहे?' एवढंच विचारून ते गेले.

असो. १९५१ च्या सुमारास फेल्डेनक्राइस इस्रायलला परतले. तिथल्या सैन्याच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाचं काम काही काळ पाहिलं, आणि मग पन्नाशीला पोचताना चांगली नोकरी सोडून फक्त हेच शिकवायचं ठरवलं. विचार करा, त्या वेळी या शिकवण्याला ना नाव होतं ना डिग्री. तेल अवीवमधल्या अलेक्झांडर यानाई रस्त्यावर त्यांचे वर्ग भरू लागले आणि वर्षानुवर्षं चालले. धडे रेकॉर्ड होत गेले, पाचशेच्या वर. दर वेळी नवा धडा. जो इंजिनीअर नाही त्याच्याकडे एवढा पेशन्स नसता असं मला उगीचच वाटतं.

त्यांचे सर्वांत गाजलेले विद्यार्थी म्हणजे इस्रायलचे पंतप्रधान डेव्हिड बेन-गुरियन. सत्तरीतले, कंबरदुखीने हैराण. १९५७ मध्ये त्यांचा समुद्रकिनाऱ्यावर शीर्षासन करतानाचा फोटो जगभर छापून आला. फोटोमुळे फेल्डेनक्राइस यांचं नाव झालं, पण तो फोटो थोडी दिशाभूल करतो असं माझं मत. त्यांचं खरं काम उलटं उभं करण्याचं नव्हतं, सुलटं नीट उभं राहू देण्याचं होतं. व्हायोलिनवादक येहुदी मेन्युहिन हेही त्यांच्याकडे शिकलेल्यांपैकी. हेच मेन्युहिन १९५२ पासून आपल्या पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगार यांच्याकडून योग शिकत होते. दोन टोकांचे दोन गुरू आणि शिष्य एक! अय्यंगार आसनातल्या अचूकपणासाठी प्रसिद्ध, तर फेल्डेनक्राइस म्हणणार, अचूक आकार विसरा आणि तुमचं तुम्ही शोधा.

१९७७ च्या एका पुस्तकात त्यांनी मेंदूच्या आघातानंतर वाचणं-लिहिणं हरवलेल्या एका स्विस बाईंची केस लिहिली. नाव बदलून नोरा ठेवलं. तिला अक्षरं गिरवायला न लावता त्यांनी आधी डावं-उजवं म्हणजे काय ते शरीराकडून पुन्हा शिकवलं. शिकवण्या घेणारा तो विशीतला मोशेच इथे पुन्हा दिसतो.

स्तुती खूप झाली, आता दुसरी बाजू. ही पद्धत म्हणजे रामबाण उपाय नव्हे. २०१५ मध्ये झालेल्या एका आढाव्यात वयस्कर लोकांचा तोल सुधारण्याबाबत आशादायक निष्कर्ष निघाले, पण अभ्यास लहान आणि त्यात त्रुटी राहण्याची शक्यता बरीच, असंही म्हटलं गेलं. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियन सरकारच्या समीक्षेने तर परिणामकारकतेचा स्पष्ट पुरावा नाही असं सांगितलं. शिवाय मूळ दुखापतीला ऑपरेशन हाच मार्ग असेल तर डोळे फिरवून काही होणार नाही. १९४० च्या दशकातल्या निम्म्या शक्यतेवर घेतलेला त्यांचा निर्णय आजच्या ऑपरेशनला जसाच्या तसा लावू नये. पण खोलीत बसून फुकट, कसलंही साधन न लागता करून बघण्यासारखी गोष्ट आहे आणि मोजमाप तुमच्याच हातात आहे.

तेल अवीवमध्ये त्यांनी १९६९ ते १९७१ मध्ये शिक्षकांची पहिली तुकडी घडवली. मग सॅन फ्रान्सिस्को, आणि १९८० मध्ये अमेरिकेतल्याच अॅमहर्स्टला दोनशेहून जास्त विद्यार्थ्यांचा मोठा वर्ग. तिथे ते दोन उन्हाळे शिकवू शकले. १९८१ मध्ये आजारी पडले, पुढचा अभ्यासक्रम त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी पूर्ण केला. १ जुलै १९८४ रोजी तेल अवीवमध्ये त्यांचं निधन झालं.

ज्यांना स्वतः वाचायचं असेल त्यांनी जड पुस्तकापासून सुरुवात करू नये. १९७२ मध्ये इंग्रजीत आलेलं 'अवेअरनेस थ्रू मूव्हमेंट' घ्या. त्यात १२ धडे आहेत, आणि वर सांगितलेली डोळ्यांची गंमत त्यातल्या दहाव्यात सापडेल.